नावापेक्षा मोठा नंबर

मागच्या उन्हाळ्यात वाईजवळच्या आमच्या जुन्या घराची आवराआवर चालली होती, तेव्हा परसातल्या हौदावर झाकण म्हणून टाकलेला एक पत्रा निघाला. उलटा केला तर पाटी. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, कडा गंजाने खाल्लेल्या. पणजोबांच्या दवाखान्याची पाटी होती ती, त्यांना घरात सगळे अण्णा म्हणायचे. वर बारीक अक्षरात वैद्य आणि त्यांचं नाव, आणि खाली बोटभर जाड अक्षरात 'रजिस्टर्ड' आणि पुढे नंबर. नाव वाचायला वाकावं लागत होतं, नंबर मात्र रस्त्याच्या पलीकडून वाचता आला असता. माझा चुलतभाऊ, जो स्वतः एमबीबीएस डॉक्टर आहे, तो म्हणाला टाक भंगारात, आणि गेला गाडी लावायला. मी तिथेच उन्हात बसले. ज्या माणसाला पंचक्रोशीत नावाने ओळखत होते त्याने पेंटरला नंबर मोठा काढ असं का सांगितलं असेल, हे काही डोक्यातून जाईना.

अण्णांना मी पाहिलेलं नाही. जे काही आहे ते आत्याच्या तोंडून ऐकलेलं. माजघराला लागून एक अंधारी खोली होती, तिथे चिनी मातीच्या बरण्या, दगडी खल, छताला टांगलेल्या जुड्या, आणि वास. आत्या म्हणते हिंग, ओवा, जळलेलं तूप आणि ओली माती एकत्र केली तर जसा येईल तसा. अण्णा सकाळी पूजा झाल्याशिवाय कुणाचा हात हातात घ्यायचे नाहीत, आणि हात घेतला की बोलायचे नाहीत. फी अशी नव्हतीच. कुणी पायलीभर ज्वारी, कुणी हरभरे, कुणी पुढच्या सुगीला बघू. हे सगळं ऐकायला फार छान वाटतं आणि मला ते असं छान छान लिहून टाकायचा मोह होतो. पण त्याच घरात आत्याचा थोरला भाऊ, तिच्या जन्माआधी, घटसर्पाने गेला. तीन-चार वर्षांचा होता. अण्णांनी काढे दिले, घशाला लेप लावले, आणि पोर गुदमरून गेलं. घटसर्पावरचं सीरम तेव्हा जगात होतं, मोठ्या शहरातल्या दवाखान्यांतून ते टोचतही असत. आजी आयुष्यभर सासऱ्यांना एक शब्द बोलली नाही, पण तिच्या पुढच्या प्रत्येक पोराला ताप आला की ती बैलगाडी जुंपायला लावायची, थेट वाईच्या डॉक्टरकडे. तेही अण्णांच्या डोळ्यादेखत.

तर असं ते दुहेरी घर. आणि त्यामुळे पुढचं वाचताना मला एका बाजूने टाळ्या वाजवता येत नाहीत.

पाटीमुळे मी जुने कायदे वाचायला लागले. इथेच सांगते, मी ना वकील ना डॉक्टर. मुंबई इलाख्यात 1912 साली बॉम्बे मेडिकल अ‍ॅक्ट आला, मद्रास आणि बंगालमध्ये त्यानंतर दोन वर्षांनी तसेच कायदे आले. माझी समजूत होती की या कायद्याने वैद्य-हकिमांवर बंदी आणली असणार. तसं अजिबात नाही. सरकारने धंद्याला हातच लावला नाही, कुणीही कुणालाही औषध द्यावं. फक्त एक रजिस्टर उघडलं, एक कौन्सिल नेमलं, आणि त्या रजिस्टरात नाव कुणाचं, तर पाश्चात्त्य वैद्यकाची मान्य पदवी किंवा लायसन असलेल्याचं. मग हळूच पुढचं कलम. कायद्याने जिथे जिथे मेडिकल सर्टिफिकेट लागतं तिथे सही चालणार ती रजिस्टरातल्या माणसाची. सरकारी दवाखान्यातली नोकरी त्यालाच. बस्स, एवढंच.

एवढंच म्हणायला ठीक आहे हो. आत्या एक गोष्ट सांगते, तिच्या आधीची, घरात चालत आलेली. गावात लोकल बोर्डाच्या शाळेवर एक मास्तर होते, त्यांना कावीळ झाली. अण्णांनी पथ्यावर ठेवलं, औषध दिलं, मास्तर महिन्याभराने उठून बसले. आता रजा मंजूर करून घ्यायची तर दाखला हवा. अण्णांनी कागदावर लिहून दिलं, अमुक दिवस कामिला होता, आता प्रकृती बरी. तो कागद परत आला. मग मास्तर, अजून नीट चालवत नव्हतं तरी, वाईला गेले. तिथल्या डॉक्टरांनी, ज्यांनी त्यांना आजारात एकदाही पाहिलं नव्हतं, डोळे बघितले, जीभ बघितली, रुपया घेतला आणि सही करून दिली. रजा मंजूर. बरं कुणी केलं हा प्रश्नच तिथे नव्हता. मास्तर परत आले ते अण्णांसाठी पेढे घेऊन, आणि अण्णांनी पेढे घेतले नाहीत म्हणे. ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगतात. मला कधी तिच्यात विनोद सापडला नाही.

माझं म्हणणं असं की हा वाद बरं करण्याचा कमी आणि सहीचा जास्त होता. गोऱ्या सरकारला खेड्यातल्या माणसाला कोण बरं करतं याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. द्यायला डॉक्टर तरी कुठे होते? पण फौजदारी खटल्यात जखम किती खोल हे कुणी सांगायचं, नोकराची रजा खरी की खोटी, विम्याच्या माणसाची तब्येत कशी, वेड लागलेल्याला वेड लागलंय हे कुणी लिहायचं, यासाठी सरकारला भरवशाचे हात हवे होते. जसजसं राज्य कागदावर चालायला लागलं तसतसा कागदावर सही करणारा मोठा होत गेला. आणि नाडी बघणारा तिथेच राहिला, पेशंट तेवढेच, मान तेवढाच, पण तालुक्याच्या कचेरीच्या पायरीपाशी त्याचा शब्द संपायचा.

आता यात इंग्रज तेवढे खलनायक असते तर लिहायला सोपं गेलं असतं. पण रजिस्टर हवं असा आग्रह आपल्याच डॉक्टरांचाही होता. ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 सालचं, तिथून शिकून बाहेर पडलेले भारतीय डॉक्टर पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मुंबईत बऱ्यापैकी झाले होते, त्यांची बॉम्बे मेडिकल युनियन 1883 पासून होती. यांचं दुखणं वेगळंच. वरच्या जागा सगळ्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या (आयएमएस), म्हणजे लष्करी हुद्द्याच्या आणि बहुतेक गोऱ्या साहेबांच्या. कॉलेजात प्रोफेसर तेच, हॉस्पिटलात मुख्य तेच, आणि त्या सर्व्हिसची परीक्षा कितीतरी वर्षं लंडनलाच. याविरुद्ध ही मंडळी भांडत होती आणि योग्यच भांडत होती. पण वरून दार बंद आणि खालून गर्दी. रस्त्यावर कुणीही पाटी लावतंय, पोस्टाने डिग्र्या विकत मिळतायत (त्या बोगस डिग्र्यांसाठी 1916 साली वेगळा इंडियन मेडिकल डिग्रीज अ‍ॅक्ट करावा लागला, यावरून काय ते समजा), वर्तमानपत्रात एका गोळीने सतरा रोग घालवणाऱ्यांच्या जाहिराती. इतकी वर्षं घासून, मढी फाडून, जातीबाहेर टाकायच्या धमक्या ऐकून डॉक्टर व्हायचं आणि शेजारी कुणी भोंदू त्याच नावाने बसायचा, हे चालवून का घ्यावं? मी त्यांच्या जागी असते तर मीही रजिस्टर मागितलं असतं. आणि मग भोंदू आणि अण्णा या दोघांना एकाच रेघेखाली ढकललं असतं, कारण रेघ ओढणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

इंग्लंडात 1858 साली हाच कायदा झाला तेव्हा त्यांनी एक सोय ठेवली होती. 1815 च्या आधीपासून जे डॉक्टरकी करत आलेत त्यांना डिग्री नसली तरी रजिस्टरात घ्या. म्हणजे स्वतःच्या जुन्या माणसांना घालवताना जरा हात आखडता घेतला. मुंबईत कायदा आणताना वैद्यांसाठी तशी सोय ठेवावी असं 1912 च्या रजिस्टराला वाटलं नाही.

आणि गंमत अशी की आधी ही रेघ इतकी ठळक नव्हतीच. मुंबईत 1826 साली कंपनी सरकारने एतद्देशीयांसाठी एक वैद्यकशाळा काढली होती, डॉक्टर मॅक्लेनन तिचे प्रमुख, त्यांनी वैद्यकाची पुस्तकं मराठी-गुजरातीत आणायचा खटाटोप केला. 1832 साली शाळा बंद. कलकत्त्यातही आधी आयुर्वेद, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक शेजारी शेजारी शिकवत होते, ते 1835 साली मोडलं. पण कॉलेज इंग्रजी झालं म्हणून माणसं लगेच इंग्रजी होत नाहीत. भाऊ दाजी लाड घ्या. ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतले, 1851 साली बाहेर पडलेले, इंग्रजी वैद्यकात नाव काढलेले. त्यांनी महारोगावर काय वापरलं, तर कडू कवठाच्या बियांचं तेल, आपल्याकडचं जुनं. रोगी लांबून यायचे. त्यावर डॉक्टर मंडळींची टीका कसली, तर औषध काय ते उघड करत नाहीत. म्हणजे तक्रार तेल देशी असल्याची नव्हती, गुप्त ठेवल्याची होती, आणि ती तक्रार मला रास्त वाटते. किंवा डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे. तेही ग्रँट मेडिकलचे, आणि वाग्भटाचा अष्टांगहृदय हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ टीकेसकट तपासून निर्णयसागर छापखान्यात छापून घेणारेही तेच. एका हातात स्टेथोस्कोप आणि दुसऱ्या हातात वाग्भट, आणि कुणाला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

रजिस्टर आल्यावर वाटायला लागलं.

कारण रजिस्टरात नाव घालता येतं तसं काढताही येतं. धंद्याला न शोभणारं वर्तन असं एक कलम होतं, विलायतेतूनच उचललेलं, आणि ते रबरासारखं, ओढाल तितकं ताणणारं. मुंबईत डॉ. पोपट प्रभुराम म्हणून होते, रजिस्टर्ड डॉक्टर, पण घराणं वैद्यांचं आणि आयुर्वेदाच्या कॉलेजशी त्यांचा संबंध. कायद्यानंतर दोन-चार वर्षांतच मेडिकल कौन्सिलने त्यांच्यावर बडगा उगारला. रोगी मारला म्हणून नाही, खोटी सही केली म्हणून नाही, नोंदणी नसलेल्या शास्त्राच्या संस्थेत वावरलात म्हणून. मद्रासेतही एका डॉक्टरवर अशीच पाळी आली. यावर तेव्हा बराच गदारोळ झाला आणि व्हायलाच हवा होता. मला यातलं सगळ्यात वाईट काय वाटतं, तर ज्यांना दोन्ही येत होतं त्यांनाच आधी निवडायला लावलं. नुसता वैद्य कौन्सिलच्या हाताला लागणारच नव्हता, त्याचं नाव होतं कुठे काढायला! सापडला तो मधला माणूस. पुढची कितीतरी वर्षं डॉक्टर आणि वैद्य एकमेकांशी बोलले नाहीत, पेशंट मात्र दोघांकडे गुपचूप जात राहिले, जसे आजही जातात, आणि दोघांपासून लपवत राहिले.

वैद्यही स्वस्थ नव्हते. शंकरशास्त्री पदे यांनी 1907 सालीच नाशिकला वैद्य संमेलन भरवलं होतं, त्यातून अखिल भारतीय संघटना उभी राहिली. नगरला गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 साली आयुर्वेद महाविद्यालय काढलं. कॉलेज, परीक्षा, पदवी, पदवीदान, गाऊन. म्हणजे रजिस्टरात शिरायला जे जे लागतं ते सगळं. गुरूच्या घरी बारा वर्षं खल घासून वैद्य होण्याची रीत जी होती ती वैद्यांनीच मोडीत काढायला घेतली, आणि दुसरा रस्ता नव्हताही त्यांच्यापुढे. मग त्यांच्यात आपापसात जुंपली. शुद्ध आयुर्वेद शिकवायचा की शरीरशास्त्र, सर्जरी वगैरे मिसळून मिश्र? ती भांडणं वाचायला लागलं की हसू येतं आणि थोड्या वेळाने हसू येईनासं होतं. शुद्धवाले म्हणायचे मिश्रवाले हे दीड शहाणे डॉक्टर होणार, मिश्रवाले म्हणायचे प्रेत न पाहता वैद्य होणं आता पुरे. घटसर्पाने गेलेल्या आमच्या त्या काकाला मनात ठेवून वाचलं तर मला मिश्रवाल्यांचंच पटतं.

आणि गांधीजी! 'हिंद स्वराज्य' या आपल्या पुस्तकात डॉक्टर आणि इस्पितळं यांच्यावर एवढे कोरडे ओढलेले गांधीजी 1924 च्या जानेवारीत येरवड्याहून पुण्याच्या ससूनमध्ये आणले गेले, अपेंडिक्स. कर्नल मॅडॉक ऑपरेशन करणार, म्हणजे आयएमएसचा गोरा सर्जन आणि सरकारचा सगळ्यात मोठा कैदी. काही बरंवाईट झालं तर? मग मवाळ पुढारी श्रीनिवास शास्त्रींना बोलावून निवेदन तयार झालं, की माझा या डॉक्टरांवर विश्वास आहे, आणि गांधीजींनी पडल्या पडल्या पेन्सिलीने सही केली, हात थरथरत होता. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. इतिहासात हे गांधीजींचं दुखणं म्हणून येतं, मला त्यात सहीच दिसते. तिथे उलटं झालं होतं, सरकारी डॉक्टरला रोग्याच्या सहीची गरज पडली होती. आणि हेच गांधीजी वैद्य-हकिमांच्या संस्थांमध्ये गेले की त्यांनाही सोडत नसत, तुमच्यात पाश्चात्त्यांसारखी शोध घ्यायची वृत्ती नाही असं तोंडावर सांगायचे. पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाने हे सांगायचं म्हणजे यजमानांची काय अवस्था झाली असेल!

शेवटी 1937 साली प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, आरोग्य खातं डॉ. गिल्डर यांच्याकडे, जे स्वतः हृदयरोगाचे नावाजलेले डॉक्टर. त्यांच्याच काळात 1938 चा बॉम्बे मेडिकल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्ट झाला. वैद्य-हकिमांचं आपलं रजिस्टर, आपलं बोर्ड. कॉलेजात न गेलेल्या पण आधीपासून वैद्यकी करत आलेल्यांसाठीही यादी. इंग्लंडने 1858 साली आपल्या लोकांना जे दिलं ते ऐंशी वर्षांनी आपल्या लोकांना आपल्या मंत्र्यांनी दिलं. अंमलबजावणीला थोडा वेळ लागला, आणि मग कधीतरी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला अण्णांना नंबर आला. आत्या म्हणते त्या दिवशी घरात पुरणपोळी होती. साठी उलटलेला माणूस, हयात गेली नाड्या बघण्यात, आणि आता सरकार म्हणतंय हो, हा वैद्य आहे. पाटी साताऱ्याहून करून आणली. आणि छापील पॅडसुद्धा, त्यावर पण नंबर.

मला वाटलं होतं गोष्ट इथे गोड होते. पण आत्याने पुढचं सांगितलं ते असं. आमच्या ओट्यावर बुधवारी एक न्हावी यायचा, म्हातारा, अंगातलं रक्त ओढून काढायला तुंबड्या आणि जळवा लावायला. अण्णाच कितीतरी रोगी त्याच्याकडे पाठवायचे, गळू कापायचं काम तोच करायचा, कारण अण्णा सुश्रुत पाठ म्हणायचे पण पू आणि रक्ताला हात लावायचे नाहीत. सोवळं. हाड मोडलं तर खालच्या आळीतला हाडवैद्य. बाळंतपण असेल तर सुईण, मांगवाड्यातली, आत्याचा स्वतःचा जन्म तिच्याच हातचा. पाटी लागल्यावर न्हाव्याला ओट्यावरून उठवलं. भांडण नाही काही नाही, अण्णा म्हणाले आता हा रजिस्टर्ड दवाखाना आहे, इथे असं बरं दिसत नाही. तो समोर वडाखाली बसायला लागला आणि लोक इकडून औषध घेऊन तिकडे जायला लागले.

सगळी भाषणं, ठराव, अर्ज जेवढे मला वाचायला मिळाले त्यात चरक आहेत, सुश्रुत आहेत, पाश्चर आहेत. तुंबडीवाला नाही. ज्या चिराफाडीच्या जोरावर सुश्रुताचं नाव घेऊन आम्हीही सर्जन होतो असं वैद्य सांगत होते, ती चिराफाड प्रत्यक्षात ज्यांच्या हातात टिकली होती त्यांना दोन्हीकडच्या रजिस्टरात जागा नव्हती, आणि ती जागा मागायला कुणी सभेत उभंही राहिलं नाही. सुईणींचं तर त्याहून सरळ. 1935 साली नर्सेस आणि मिडवाइव्हजच्या नोंदणीचा कायदा झाला, त्यात ट्रेनिंग घेतलेल्या सुइणीची नोंद. ट्रेनिंग नव्हतं ती तिच्या घरी. धनुर्वात किती बायका-पोरांना घेऊन गेला ते माहीत असताना तिला तसंच चालू द्यायला हवं होतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? नाही म्हणणार. पण तिला शिकवायला कुणी आलं होतं का, एवढं तरी विचारते.

हे सगळं मी चुलतभावाला परतीच्या रस्त्यात सांगितलं. पसरणीच्या घाटात गाडी चालवत होता, निम्मं ऐकत होता. अण्णांच्या न्हाव्यापर्यंत आल्यावर म्हणाला, बरोबरच केलं अण्णांनी, इन्फेक्शन झालं असतं. मी म्हटलं, आणि 1912 वाल्यांनी अण्णांना बाहेर ठेवलं ते? तर म्हणाला, तेही बरोबरच. निदान माणूस सलग आहे. मग आयुर्वेदवाल्यांना, म्हणजे बीएएमएसना, 58 ऑपरेशनं करायला दिली त्यावर त्याची गाडी घसरली, 2020 च्या डिसेंबरात त्याविरुद्ध संप केला होता ना एमबीबीएसवाल्यांनी, ते सगळं, मग होमिओपॅथीवाल्यांचा तो वर्षभराचा कोर्स आणि मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरात त्यांची नोंद करायची की नाही तो वाद, त्याच्याकडे मुद्दे भरपूर होते आणि त्यातले अर्धे मला पटण्यासारखेही होते. पाचगणी येईपर्यंत तो बोलत होता. मी मधे एवढंच विचारलं, की तुझ्या हॉस्पिटलात रात्रपाळीला वॉर्डात कोण असतं? दोन वळणं तो काही बोलला नाही. मग म्हणाला, बीएएमएस आहेत दोघं, चांगली आहेत पोरं, पण डिस्चार्ज कार्डवर सही माझी असते.